पाय न लावता बांधलेली लक्ष्मी

ऐरोलीतल्या 'सी-ब्रीझ ऑर्किड' सोसायटीत समुद्राचा वारा येत नाही आणि ऑर्किड कुणी पाहिलेलं नाही, पण उपक्रमांची टंचाई कधीच नसते. योग झाला, कंपोस्ट झालं, मातीचे गणपती झाले, त्यातले निम्मे वाळायच्या आतच उंदरासकट खाली बसले. यंदा दिवाळीच्या तोंडावर कमिटीच्या लक्षात आलं की लक्ष्मीपूजनाला आपण जी केरसुणी पुजतो, ती चक्क बाजारातून विकत आणतो. ही गोष्ट निशिगंधा मॅडमच्या मनाला फार लागली. त्या सोसायटीच्या सांस्कृतिक विभागाच्या प्रमुख. विभागात त्या एकट्याच असल्यामुळे प्रमुखपदाला तसा धोका नव्हता. त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला, 'आपली लक्ष्मी, आपल्या हाती. रविवारी सकाळी दहा वाजता, क्लबहाऊस. पोशाख पारंपरिक.' खाली एकशे बारा अंगठे उमटले.

एकशे तेरावा अंगठा प्रियदर्शिनीचा. बाराव्या मजल्यावरच्या आपल्या वन बीएचकेत सोफ्यावर बसून तिने तो उमटवला, मग फोन पालथा ठेवला आणि बाल्कनीकडे बघितलं. तिथे तिची आई, रंगूबाई, तांदूळ निवडत बसली होती. तांदूळ मॉलमधले, पाकिटातले. त्यात खडा सापडायची काही शक्यता नव्हती, पण हात रिकामे ठेवणं रंगूबाईला जमत नसे.

त्या हातांनी पस्तीस वर्षं केरसुण्या बांधल्या होत्या. साताऱ्याकडच्या एका गावात शिंदीची पानं तोडून आणायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची, नखाने चिरून सारखी करायची, घायपाताच्या वाखाची दोरी वळायची आणि मूठ अशी आवळायची की केरसुणी झिजून बोटभर उरली तरी मूठ सुटता कामा नये. मग भारा डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. प्रियदर्शिनीची शाळा, कॉलेज, कॉम्प्युटरचा क्लास, सगळं त्या भाऱ्यातून निघालं. ती स्वतः बारावीपर्यंत शाळेतून आली की दिवेलागणीच्या आत आठ केरसुण्या बांधून मोकळी व्हायची. पुढे ती ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसला लागली, टीम लीड झाली, स्वतःच्या एकटीच्या नावावर फ्लॅट घेतला आणि वडील गेल्यावर आईला इकडे घेऊन आली.

आता शहरात कुणी कुणाची जात विचारत नाही, एवढं शहर पुढे गेलेलं आहे. ते आधी आडनाव विचारतात. आडनावाने समाधान झालं नाही तर गाव विचारतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर गावात तुमचं घर नेमकं कुठल्या बाजूला, हे अगदी सहज, लिफ्टमध्ये वेळ जात नाही म्हणून विचारतात. प्रियदर्शिनीने पहिल्याच महिन्यात या तिन्ही प्रश्नांवर एकच उत्तर तयार करून ठेवलं होतं, 'आमची शेती होती.' ते पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा रंगूबाई लिफ्टमधून बाहेर पडली आणि मग म्हणाली, "व्हय, हुती की. पाटलाची."

त्यामुळे कार्यशाळेला आईला न्यायचं नाही, हे ठरलेलंच होतं. आई, तुझे गुडघे दुखतात, तू घरीच थांब, असं प्रियदर्शिनीने सांगितलं आणि गुडघ्यांनीही फार विरोध केला नाही. पण शनिवारी संध्याकाळी निशिगंधा मॅडम स्वतः दारात हजर. सोसायटीतल्या ज्येष्ठ महिलेच्या हस्ते दीपप्रज्वलन करायचं ठरलं होतं. पहिल्या ज्येष्ठ महिला नातवाकडे कॅनडाला गेलेल्या, दुसऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणून मान रंगूबाईंना. काकू, तुम्ही नऊवारीतच या, फोटोत ते फार ऑथेंटिक दिसतं, असं सांगून त्या गेल्या. दार लागल्यावर माय-लेकी एकमेकींकडे न बघता स्वयंपाकघरात भांडी आवरू लागल्या.

प्रियदर्शिनीनेच विषय काढला. दिवा लाव, बस, आणि काही बोलू नको, एवढंच तिने मागितलं. दोन तासांचा तर प्रश्न आहे. रंगूबाईने मान डोलवली. पोरीने आजवर तिच्याकडे फी सोडून काही मागितलं नव्हतं, आणि हे तर फुकटचं होतं.

रविवारी क्लबहाऊस नटलं होतं. पैठण्या, नथी, झब्बे. केर काढायची वस्तू बनवायला माणसं इतकी नटून आल्याचं रंगूबाई पहिल्यांदाच पाहत होती. तिने दिवा लावला, टाळ्या झाल्या, आणि तिला पहिल्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवण्यात आलं. शेजारी प्रियदर्शिनी. समोर लांब टेबलं, टेबलांवर वाशीच्या बाजारातून मागवलेले शिंदीच्या पानांचे गठ्ठे, दोरी, कात्र्या, ग्लू गन आणि प्लॅस्टिकचे केबल टाय.

मग राजवर्धन उभा राहिला. हा एकोणिसाव्या मजल्यावरचा. एका मोठ्या संस्थेतून प्रॉडक्ट डिझाइन शिकून आलेला, वागायला गोड, आणि गेले सहा महिने केरसुणीवर संशोधन करत असलेला. मुलगा खरोखर मेहनती होता, हे कबूल केलं पाहिजे. केर काढताना बाईची कंबर किती अंशात वाकते, मनगट किती वेळा वळतं, मिनिटाला किती चौरस फूट फरशी होते, याचे त्याने तक्ते केले होते. त्याने बेचाळीस स्लाइड दाखवल्या. केरसुणी पहिल्यांदा एकोणतिसाव्या स्लाइडवर आली.

मधल्या वेळात निशिगंधा मॅडमनी केरसुणीचे नियम सांगितले. ती उभी ठेवू नये. दिवेलागणीनंतर केर काढू नये. जुनी झाली तरी रस्त्यात फेकू नये. आणि मुख्य म्हणजे तिला पाय लावू नये, चुकून लागला तर लगेच हात लावून नमस्कार करावा, कारण ती साक्षात लक्ष्मी. हे ऐकून सगळ्यांनी मान हलवली. रंगूबाईनेही हलवली. हे तिच्याही घरी पाळत. फक्त बांधून झाल्यावर.

"आणि इथेच आपल्या प्रोसेसचं वेगळेपण आहे," राजवर्धन म्हणाला. त्याने एक फोटो लावला. कुठल्याशा गावातली एक बाई जमिनीवर बसली होती, पाय पसरून. दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, टाच पानांच्या जुडीवर रोवलेली, आणि ती दोन्ही हातांनी मूठ ओढून आवळत होती. चेहरा फोटोत आला नव्हता. सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या एकीने हळूच 'ईऽऽ' म्हटलं. राजवर्धन समजुतीच्या सुरात म्हणाला की त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे साधनं नसतात. आपण मात्र त्यावर उपाय काढला आहे. त्याने कापड बाजूला केलं. टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला एक लाकडी शिकंजा होता. त्याला त्याने नाव दिलं होतं 'फूट-फ्री'. टाळ्यांचा कडकडाट झाला. लक्ष्मी अखेर पायांतून सुटली.

प्रियदर्शिनीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तिने आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. उजव्या पायाच्या अंगठ्याला आतल्या बाजूने दोरीचा एक जुना वळ होता, तो सँडलमध्ये दिसतो की काय, असं तिला एकदम वाटलं. आईकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. पानं कोरडीच वापरायची होती, कारण भिजवली तर क्लबहाऊसची लाकडी फरशी खराब होते, असं सूचनेत लिहिलं होतं. कोरडं शिंदीचं पान वाकवलं की काय करतं, हे सूचनेत नव्हतं. दहा मिनिटांत खोलीभर कडाकडा आवाज सुरू झाला. जी पानं मोडली नाहीत, ती शिकंज्यातून सुळकन निसटली. केबल टाय आवळला की मधली पानं खाली गळायची, सैल सोडला की बाहेरची. एकाने ग्लू गनने प्रश्न मिटवायचा प्रयत्न केला आणि केरसुणी स्वतःच्या झब्ब्याला चिकटवून घेतली. या गावच्या मूळ मालकांपैकी, आणि म्हणून सोसायटीचे कायमचे चेअरमन, कमळाकर पाटील यांनी आपली केरसुणी झाडून बघायला उचलली, तर मूठ हातात राहिली आणि लक्ष्मी निशिगंधा मॅडमच्या पैठणीभर पसरली.

कमळाकरशेठ काही रागावले नाहीत. खुर्चीत बसून पानं वेचता वेचता ते जुन्या आठवणीत शिरले.

"आमचे गावात दिवाळीचे आधी बायका यायच्या केरसुन्या घेऊन," ते म्हणाले. "ओटीवर नाय चढायच्या. खालीच उभ्या राहायच्या. आमची आई वरूनच सुपातला भात टाकायची त्यांचे पदरात. चांगल्या होत्या बिचाऱ्या. आता त्या कोन येतात."

ते हे अगदी मायेने सांगत होते. ऐकणाऱ्यांनाही गहिवरून आलं. निशिगंधा मॅडमना त्यातून कल्पना सुचली की तुर्भ्याच्या वस्तीत त्यांच्यातली कुणी असेलच, तिला मागच्या गेटने बोलावून घेऊ, तेवढ्या मुठी बांधून देईल. फक्त पाय लावायचा नाही, हे आधी सांगायचं. कमळाकरशेठनी ड्रायव्हरला फोन लावला. ड्रायव्हर गावाला गेला होता, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

इकडे कोपऱ्यात रंगूबाईच्या मांडीवर कुणीतरी पानांचा एक गठ्ठा ठेवून दिला होता, ज्येष्ठांचाही सहभाग हवा म्हणून. ती शब्द पाळत होती. तोंडातून ब्र निघाला नव्हता. पण हातांना कुणी शब्द मागितला नव्हता. एव्हाना त्यांनी गठ्ठा सोडला होता, पाण्याच्या पेल्यात बोटं बुडवून पानं ओली केली होती, नखाने चिरून लांब पानं उजवीकडे, आखूड डावीकडे लावली होती. ती बघत मात्र समोर होती, दिव्याकडे.

राजवर्धनचं लक्ष गेलं. सहा महिने संशोधन केलेला माणूस, त्याला तेवढं दिसणारच. तो जवळ आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने विचारलं, "काकू, तुम्हाला येतं हे?"

निशिगंधा मॅडमनी मान वळवली, कमळाकरशेठनी पानं वेचणं थांबवलं. रंगूबाईने पोरीकडे बघितलं, काय सांगू असं विचारावं तसं.

"नाही नाही," प्रियदर्शिनी म्हणाली. आवाज फार स्वच्छ आला, क्लायंटशी बोलताना यायचा तसा. "गावाकडे कुणाला तरी करताना बघितलं असेल तिने."

रंगूबाई म्हणाली, "व्हय. बघितलंय."

तिने हातातली पानं खाली ठेवली आणि हात पदराला पुसले. पुढे जे घडलं ते सगळं अगदी सभ्यतेने घडलं. राजवर्धन म्हणाला, हरकत नाही काकू, मी दाखवतो, सोपं आहे. आणि त्याने रंगूबाईचा हात हातात घेतला. जुडी कशी धरायची, अंगठा कुठे ठेवायचा, दोरी कुठून फिरवायची, हे तो तिला शिकवू लागला. चुकीचं शिकवत होता. रंगूबाई शिकत होती. तो म्हणेल तिथे अंगठा, तो म्हणेल तसा वेढा. प्रियदर्शिनी बघत राहिली. आईने दोरीचा पहिला वेढा दिला, आणि तो सैल दिला. दुसरा त्याहून सैल. शेवटी तिने एक गाठ मारली, शाळेतल्या पोरीने रिबिनीला मारावी तशी.

ही गाठ आईची नव्हती, हे त्या खोलीत एकाच माणसाला कळत होतं. मूठ हलली म्हणून रंगूबाईने एकदा बाजारातून वीस केरसुण्या परत आणून, दिवसाचं जेवण सोडून, पुन्हा बांधल्या होत्या. तापाने फणफणत असताना तिने कधी सैल मूठ दिली नव्हती. नवरा गेला त्या महिन्यातही दिली नव्हती. आज पोरीची शेती खोटी पडू नये म्हणून तिने ती जाणूनबुजून, नीट लक्ष देऊन, सैल बांधली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजवर्धनने त्या केरसुणीला चिठ्ठी लावली, 'सौ. रंगूबाई, वय ६८, पहिलाच प्रयत्न,' आणि ती प्रदर्शनाच्या टेबलावर मधोमध ठेवली. सौ. नव्हती ती, पण चिठ्ठ्यांवर 'सौ.' आधीच छापलेलं होतं.

प्रियदर्शिनीला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आईची वाटायची, ती लाज ओळखीची होती, तिच्याबरोबर कसं राहायचं ते तिला जमून गेलं होतं. ही नवी होती.

ती उठली. सँडल काढले. टेबलावरून एक गठ्ठा, दोरी आणि पाण्याचा जग उचलला, लाकडी फरशीवर मधोमध पाणी ओतलं आणि त्यात पानं लोळवली. फरशी, असं कुणीतरी म्हणालं. ती पैठणीसकट खाली बसली, पाय पसरले, दोरीचं टोक उजव्या अंगठ्यात अडकवलं, जुडीवर टाच रोवली आणि मागे रेलून ओढलं. अठरा वर्षं झाली होती. बोटांना आधी पटेना. मग त्यांना आठवलं. तीन वेढे, आतून एक आडवा, पुन्हा तीन. दोरी करकरली.

"प्रियदर्शिनी, अगं, पाय," निशिगंधा मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती, आणि तेच जास्त वाईट होतं.

"मॅडम, तुम्ही आजवर पुजली ती प्रत्येक केरसुणी अशीच बांधलेली होती," प्रियदर्शिनी म्हणाली. ती ओढायची थांबली नाही. "कुणाच्या तरी पायानेच. आमच्या गावाकडे माझ्या आईच्या. तिने बघितलेलं नाही हे. पस्तीस वर्षं केलंय. शेती नव्हती आमची. गावात आमचं घर कुठल्या बाजूला होतं, तेही सांगते, कुणाला अजून विचारायचं असेल तर."

कुणाला विचारायचं नव्हतं. सोसायटी सुसंस्कृत होती. दोघींना अचानक गॅसवर ठेवलेलं काही तरी आठवलं, एकाला फोन आला, जो वाजलेला कुणी ऐकला नाही. कमळाकरशेठ हातातल्या पानांकडे बघत बसले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे कसली आठवण नव्हती. निशिगंधा मॅडमनी फोटोग्राफरला हाताने थांबायची खूण केली. राजवर्धन तेवढा जागचा हलला नाही. तो प्रियदर्शिनीच्या पायाकडे एकटक बघत होता, आणि ताण कुठून येतो, ते त्याला सहा महिन्यांत पहिल्यांदा कळत असावं.

मूठ झाली. प्रियदर्शिनीने केरसुणी उचलून आईपुढे धरली. आई काही म्हणेल, जवळ घेईल, निदान रडेल, असं तिला वाटत होतं. रंगूबाईने केरसुणी घेतली, जमिनीवर दोनदा आपटली, मूठ चिमटीत धरून पिळून बघितली. एकही पान गळलं नाही. तिने आतला आडवा वेढा नखाने तपासला.

"हितं ढिली हाय," ती म्हणाली. "पर चालंल. इसरली न्हाईस."

मग ती उठली. गुडघे धरत प्रदर्शनाच्या टेबलापाशी गेली आणि मधोमध मांडलेली आपली केरसुणी तिने उचलली. चिठ्ठी काढून राजवर्धनच्या हातात दिली. गाठीचं टोक ओढलं, तशी सगळी पानं भसकन सुटली.

"ही माज्या हातची न्हवं," ती म्हणाली.

ती लेकीशेजारी ओल्या फरशीवर बसली, चपला बाजूला सारल्या आणि लुगडं घोट्यावर घेऊन पाय पसरले. पानं सारखी करता करता तिने हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जा, आजून पानी घिऊन ये. आन् त्या पोराला म्हनावं, शिकायचं आसंल तर आसं वरनं नगं बघू. खाली बस."